दहा वर्षं मुरवायला कोणत्या स्टाउट घ्याव्यात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनला नवं घर घेतलंय, पाच ते दहा वर्षं मुरतील अशा युरोपियन स्टाउट, म्हणजे भाजलेल्या माल्टच्या काळ्या बिअर, जमवायच्या आहेत, आणि अधूनमधून काही बाटल्या पुण्याला भावाकडे न्यायच्या आहेत. दुकानदार म्हणाला, ‘अल्कोहोल दहा टक्क्यांच्या वर असलं की डोळे मिटून घ्या.’ हे कितपत खरं, आणि नेमकं काय घ्यावं?

दुकानदाराचं म्हणणं अर्धं खरं आहे. अल्कोहोल जास्त असलं की बिअर लवकर नासत नाही, पण तेवढ्यानं ती मुरून चांगली होईल असं नाही. अँटवर्पमध्ये एका दुकानाच्या तळघराची जबाबदारी बरीच वर्षं माझ्याकडे आहे, आणि ठेवायची बाटली निवडताना मी टक्के सगळ्यात शेवटी बघतो. आधी एक बाटली ताजी उघडून पितो आणि एवढंच शोधतो: हिच्यात आज काय जास्त झालंय? कडूपणा जिभेवर रेंगाळतोय, भाजलेल्या माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा) करपटपणा घशाला लागतोय, अल्कोहोलचा जाळ नाकात चढतोय, असं काही असेल तर ती बिअर ठेवण्याजोगी. काळ हे सगळं कमी करत नेतो. जी स्टाउट आजच मऊ आणि जिथल्या तिथे लागते, तिच्यातून काळ काय कमी करणार? जे चांगलं आहे तेच. ती आजच प्यावी.

बाटलीत काय घडतं ते आधी सांगतो, म्हणजे पुढची निवड तुमची तुम्हालाच करता येईल. हॉप्स या फुलांमधून येणारी कडू द्रव्यं, म्हणजे आयसो-अल्फा आम्लं, हळूहळू मोडतात. हॉप्सचा ताजा वास तर वर्षभरात जवळजवळ संपतो. अल्कोहोलचा थोडा भाग बिअरमधल्या आम्लांशी जोडला जाऊन त्याची एस्टर ही सुवासिक द्रव्यं होतात, जाळ निवतो आणि सुक्या फळांचा वास वर येतो. मग ऑक्सिजन. कितीही काळजी घेतली तरी बाटली भरताना तो थोडा आत राहतोच, आणि झाकणाच्या आतल्या अस्तरातून वर्षानुवर्षं अगदी सावकाश झिरपतही असतो. फिक्या रंगाच्या बिअरमध्ये त्यातून ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो. ट्रान्स-२-नॉनेनाल नावाचं द्रव्य त्याला कारणीभूत आहे. गडद, जड स्टाउटमध्ये भाजलेल्या माल्टमधली मेलॅनॉइडिन्स ही गडद रंगाची द्रव्यं ऑक्सिजनचा पहिला मार स्वतःवर घेतात, आणि चव पुठ्ठ्याकडे जाण्याऐवजी शेरी, मनुका, खजूर, काकवी यांच्याकडे वळते. स्टाउट मुरते ती यामुळे.

चौथा भिडू यीस्ट. बाटलीतच पुन्हा आंबवलेल्या बिअरच्या तळाशी जिवंत यीस्टचा पातळ थर असतो. आत अडकलेला ऑक्सिजन तो सुरुवातीलाच खाऊन टाकतो, म्हणून अशी बिअर गाळलेल्या बिअरपेक्षा सावकाश म्हातारी होते. पण काही वर्षांनी यीस्ट मरतं आणि त्याच्या पेशी फुटतात. त्यातून सोया सॉससारखी, मांसाच्या रश्श्यासारखी चव येते. जड स्टाउटमध्ये ती थोडी असेल तर शोभते. तीच पुढे आली तर बाटलीचे दिवस भरले असं समजायचं.

याचा अर्थ लेबल बघताना तीन गोष्टी शोधा. पहिली, बाटलीत पुन्हा आंबवल्याचा उल्लेख. तुमच्याकडच्या बाटल्यांवर ‘हेरगिस्टिंग ओप फ्लेस’ असं काहीसं लिहिलेलं असतं. दुसरी, घटकांची यादी आखूड हवी: पाणी, माल्ट, हॉप्स, यीस्ट, फार तर साखर. तिसरी, बाटली भरल्याची तारीख. युरोपीय संघाच्या नियमांप्रमाणे दहा टक्के किंवा त्याहून जास्त अल्कोहोल असलेल्या पेयांवर वापराची अंतिम तारीख छापणं सक्तीचं नाही, त्यामुळे तेरा टक्क्यांची एखादी बाटली दुकानाच्या फळीवर किती काळ उजेड खात उभी होती हे लेबलवरून कळेलच असं नाही. जिथं भरल्याची तारीख स्पष्ट आहे अशा ब्रुअरीला मी झुकतं माप देतो. ज्या दुकानात बाटल्या खिडकीत मांडलेल्या असतात तिथून ठेवायची बाटली घेऊ नका, मग ती कितीही दुर्मीळ असो.

आता नावं. सुरुवात इंग्लंडपासून करायला हवी, कारण मुरवायची स्टाउट ही मुळात लंडनची चीज. साउथवर्कमधल्या थ्रेल यांच्या अँकर ब्रुअरीतून अठराव्या शतकात सम्राज्ञी कॅथरीनच्या रशियन दरबारापर्यंत जड स्टाउट जात असे. १७८१ मध्ये ती ब्रुअरी बार्कले पर्किन्सकडे आली आणि पुढे करेज कंपनीच्या हाती गेली. करेजची इम्पीरियल रशियन स्टाउट वर्ष छापून विकली जायची. १९९३ मध्ये ती बनवणं थांबलं आणि २०११ मध्ये वेल्स या ब्रुअरीनं ती पुन्हा काढली. लिलावात जुन्या करेजच्या बाटल्या दिसतील. इतिहासाच्या ओढीनं एखादी जरूर घ्या, पण संग्रहाचा पाया त्यावर रचू नका. मधल्या वर्षांत ती बाटली कुणाच्या माळ्यावर तापली होती हे कुणीच सांगू शकत नाही.

माझ्या तळघरात पहिला मान हार्वीजच्या इम्पीरियल एक्स्ट्रा डबल स्टाउटचा. ससेक्समधल्या ल्यूइस गावची ही ब्रुअरी १७९० ची. अल्बर्ट ले कॉक हा व्यापारी एकोणिसाव्या शतकात लंडनची स्टाउट बाल्टिक बंदरांत विकायचा. १८६९ मध्ये बाल्टिकमध्ये बुडालेल्या ओलिव्हा या जहाजावर ए. ले कॉकच्या बाटल्या होत्या आणि १९७४ मध्ये पाणबुड्यांनी त्यातल्या काही वर काढल्या. त्या स्टाउटचं पुनरुज्जीवन हार्वीजनं १९९० च्या दशकाच्या अखेरीस केलं. पहिली खेप बूच लावून भरली, सगळं शांत झालं असं वाटलं, आणि सुमारे नऊ महिन्यांनी बाटल्यांमध्ये पुन्हा आंबवण सुरू होऊन बुचं वर सरकू लागली. तपासात डेबॅरोमायसीस हॅन्सेनी हे यीस्ट निघालं. नेहमीच्या यीस्टनं सोडून दिलेल्या साखरेवर ते सावकाश काम करत होतं. ब्रुअरीनं त्याच्याशी भांडण मांडलं नाही. बिअर जास्त काळ टाकीत ठेवून, ही दुसरी आंबवण उरकल्यावरच बाटल्या भरायला सुरुवात केली. नऊ टक्के अल्कोहोल, छोट्या बाटल्या, आणि ताजी असताना इतकी उग्र की पहिल्यांदा पिणारा बऱ्याचदा पेला बाजूला ठेवतो. ‘आज काय जास्त आहे’ या प्रश्नाला हिच्याइतकं दणदणीत उत्तर दुसरी कुठलीही युरोपियन स्टाउट देत नाही.

दहाएक वर्षं जुनी बाटली गेल्या हिवाळ्यात उघडली. झाकण निघताना जेमतेम सुस्कारा आला. पेल्यात बिअर काळी, कडेला लालसर तपकिरी. फेस बोटभर चढला आणि मिनिटभरात बसला. नाकाशी आधी जुनं चामडं आणि काकवी, मग ज्येष्ठमध. घोट घेतल्यावर जिभेच्या कडांना आंबूस चटका बसतो, पण त्याच्या मागोमाग खजुराचा गोडवा येतो आणि ताज्या बाटलीत घसा खरवडणारा करपटपणा आता कोकोच्या पुडीसारखा कोरडा, हलका राहिलेला असतो. पेला अर्धा तास तसाच ठेवला तर आंबूसपणा मागे सरतो आणि अंजिराचा वास उघडतो. हिच्या सहा बाटल्या घ्याच. मात्र ज्यांना बिअरमधला आंबटपणा अजिबात चालत नाही त्यांच्यासाठी ही नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

लंडनमधल्या बर्मंडसीत २००९ साली सुरू झालेली द कर्नेल ही माझ्या आवडीची दुसरी ब्रुअरी. त्यांची ‘इम्पीरियल ब्राउन स्टाउट, लंडन १८५६’ बार्कले पर्किन्सच्या जुन्या कृतीवरून बनते. साधं तपकिरी लेबल, बाटलीत जिवंत यीस्ट, वर काहीही घातलेलं नाही. हार्वीजसारखा रानटीपणा तिच्यात नाही. चार-पाच वर्षांत ती स्वच्छ, सरळ मुरते. मुरलेली स्टाउट म्हणजे काय हे एखाद्याला पहिल्यांदा दाखवायचं असेल तर मी हीच उघडतो. याउलट टॅडकास्टरच्या सॅम्युअल स्मिथची इम्पीरियल स्टाउट सात टक्क्यांची आणि ताजी असतानाच इतकी गोलाईदार की मी ती साठवत नाही. उत्तम बिअर आहे, म्हणूनच लगेच प्यायची.

तुमच्या घरापासून जवळ म्हणजे बेल्जियम. एसेनची दे डोले ब्राउवर्स ही १९८० पासूनची ब्रुअरी, आणि तिची एक्स्ट्रा एक्स्पोर्ट स्टाउट नऊ टक्क्यांची. बेल्जियन यीस्टमुळे तिच्यात फळांचा वास आधीपासूनच असतो आणि कडूपणा भरपूर. तीन वर्षांच्या आत उघडू नका. पाच ते आठ वर्षं हा तिचा चांगला काळ. दाम आणि दर्जा यांचा मेळ बघितला तर तुमच्या पेटीत सगळ्यात जास्त बाटल्या याच असाव्यात असं माझं स्पष्ट मत आहे. दे स्ट्राउसे ब्रुअरीची ब्लॅक अल्बर्ट तेरा टक्क्यांची. हॉप्सही भरपूर, त्यामुळे पहिल्या दोन वर्षांत ती अंगावर येते आणि मग खूप सावकाश शांत होते. हिला दहा वर्षं देता येतात. तीच बिअर बर्बन व्हिस्कीच्या पिंपात ठेवून क्युव्हे डेल्फिन होते. तिला मात्र मी तीन-चार वर्षांपुढे नेत नाही, कारण पिंपातून आलेला व्हॅनिला आणि नारळाचा वास आधी विरतो आणि मागे नुसतं लाकूड उरतं. पिंपातल्या बहुतेक स्टाउटना हे लागू आहे. पैसे त्या वासाचे मोजलेले असतात, तो आहे तोवर प्यावी.

नेदरलँड्समध्ये मूळची बोडेग्राव्हनची दे मोलन. यांच्या जड बिअरच्या लेबलवर बाटली भरल्याची तारीख असायची आणि थंड, अंधाऱ्या जागी ठेवल्यास पंचवीस वर्षांत प्या, असं लिहिलेलं असायचं. पंचवीस हा आकडा फार मनावर घेऊ नका, पण तारीख छापण्याचा तो प्रामाणिकपणा मोलाचा. त्यांच्यातली रास्पुतिन ठेवा. माल्टचं अंग भरदार आहे आणि पाच-सात वर्षं सहज जाते. हेल एन फर्डुमेनिसमध्ये हॉप्स जास्त, त्यामुळे तिला एक अडनिडं वय येतं. वर्षभरानं हॉप्स गेलेले असतात आणि मुरल्याची चव अजून आलेली नसते. तेव्हा उघडून नाराज होऊ नका, आणखी दोन वर्षं द्या. हे अडनिडं वय बऱ्याच जड स्टाउटना येतं आणि लोक नेमकी तेव्हाच बाटली उघडून ‘मुरवण्यात काही राम नाही’ असं ठरवून टाकतात.

टक्क्यांचा नियम अपुरा का, याचं सरळ उदाहरण स्वीडनचं आहे. कार्नेगी पोर्टर (पोर्टर म्हणजे स्टाउटच्याच घराण्यातली गडद बिअर) १८३६ पासूनची, मूळची गोथेनबर्गची, आणि अल्कोहोल अवघं साडेपाच टक्के. तरीही तिच्या वर्ष छापलेल्या खेपा लोक जाणूनबुजून ठेवतात आणि तीन-चार वर्षांत ती शेरीकडे सुरेख झुकते. भरदार माल्ट आणि भाजणीचा जोर टक्क्यांची उणीव भरून काढतो. फिनलंडची सिनेब्रिकॉफ पोर्टर सव्वासात टक्क्यांच्या आसपासची. तीही स्वस्त आणि विश्वासाची. बाल्टिक पोर्टर स्टाउटची चुलत बहीण, लागर यीस्टवर थंडीत आंबवलेली. पोलंडच्या चेशिनमध्ये बनणारी झिव्ह्येत्स पोर्टर साडेनऊ टक्क्यांची, किमतीच्या मानानं फार चांगली मुरते. पोलंडमध्ये जानेवारीचा तिसरा शनिवार बाल्टिक पोर्टरचा दिवस म्हणून पाळतात. तेव्हा तिकडे जाणं झालं तर एकाच पोर्टरची वेगवेगळ्या वर्षांची मालिका चाखायची संधी सोडू नका. बेल्जियमसाठी जॉन मार्टिन यांच्याकडून येणारी गिनेस स्पेशल एक्स्पोर्ट आठ टक्क्यांची. दोन-तीन वर्षांच्या प्रयोगाला एवढी सोपी आणि परवडणारी बाटली दुसरी नाही.

काय ठेवू नये, हे मी जास्त आग्रहानं सांगेन. कॉफी घातलेली स्टाउट वर्षभरात ढोबळी मिरचीसारखी लागू लागते. मिकेलरची बिअर गीक ब्रेकफास्ट ताजी असताना मला मनापासून आवडते, आणि ती ताजीच प्यावी. ओम्नीपोलोची नोआ किंवा तसल्या केक-मिठाईच्या चवीच्या स्टाउट कितीही जड असल्या तरी त्यांची मजा वरून आलेल्या सुगंधात आहे, आणि तो सुगंध आधी जातो. मग उरतो नुसता गोडपणा. फळांचा गर घातलेल्या स्टाउट तर खोलीच्या तापमानाला ठेवूच नका. त्यातली साखर पुन्हा आंबली तर डबा फुगतो, बाटली फुटू शकते. आणि चार-पाच टक्क्यांची साधी आयरिश ढंगाची स्टाउट घरी आणली त्याच महिन्यात संपवा.

आता जागा. डच घरांत खरं तळघर क्वचितच असतं. तुमच्याकडे अंगणातली खोली आणि जिन्याखालचं कपाट असे दोन पर्याय असतील, तर कपाट घ्या, त्यातून गरम पाण्याचे पाइप जात नसतील तर. अंगणातली खोली जानेवारीत गोठते आणि जुलैत तापते, आणि बिअरला हा चढउतार सगळ्यात वाईट. बारा ते चौदा अंश आदर्श. वर्षभर सतरा-अठरावर स्थिर असलं तरी चालेल, फक्त माझ्या वर दिलेल्या वर्षांतून तिसरा हिस्सा कमी धरा. घराच्या जमिनीखाली, जिथं सरपटत जावं लागतं, ती पोकळी थंड असते, पण तिथल्या ओलीनं झाकणं गंजतात आणि लेबलं सुटतात. तिथं ठेवायचंच असेल तर झाकणबंद प्लास्टिकच्या पेटीत ठेवा. बाटल्या उभ्या ठेवायच्या, बुचाच्यासुद्धा. आडव्या ठेवल्या की गाळ कडेला बसतो आणि ओतताना सगळा ढवळला जातो. उजेड अजिबात नको.

प्रत्येक बिअरच्या किमान सहा बाटल्या घ्या, एकाच खेपेच्या. एक लगेच प्या आणि वहीत लिहा: काय जास्त वाटलं, किती. दीड-दोन वर्षांनी दुसरी उघडा आणि ते जुनं पान वाचून मगच चव घ्या. जे जास्त होतं ते कमी झालंय का, आणि त्याच्या जागी काही आलंय का, एवढंच बघायचं. दोन्ही उत्तरं ‘हो’ असतील तर उरलेल्या ठेवा. कमी झालंय पण जागी काहीच आलेलं नाही, तर वर्षभर थांबून आणखी एक उघडा. फेस येईनासा झाला, अंग पाण्यासारखं पातळ लागलं किंवा पुठ्ठ्याचा वास आला, तर वाट बघू नका. उरलेल्या त्याच हिवाळ्यात मित्रांना बोलावून संपवा. उघडण्याआधी बाटली दोन दिवस हलवू नका, पेय फ्रिजमधून काढून बारा-तेरा अंशांवर येऊ द्या, वाइनच्या पेल्यात एका धारेत ओता आणि तळाचं बोटभर बाटलीतच राहू द्या.

पुण्याचं गणित वेगळं आहे. तापमान दहा अंशांनी वाढलं की बिअर म्हातारी होण्याचा वेग साधारण दुप्पट ते तिप्पट होतो. तुमच्या कपाटात बारा अंश आणि भावाच्या घरी एप्रिल-मेमध्ये बत्तीस अंश धरले, तर तिथला एक महिना इथल्या चार ते नऊ महिन्यांच्या बरोबरीचा. शिवाय सगळ्या क्रिया सारख्या वेगानं वाढत नाहीत. गरमीत ऑक्सिजनचं आणि मेलेल्या यीस्टचं काम पुढे धावतं, म्हणून उष्णतेनं म्हातारी झालेली स्टाउट मुरलेल्या स्टाउटसारखी लागत नाही. तेव्हा मुरवण्याचं काम आइंडहोव्हनला करा आणि पुण्याला तयार झालेल्या बाटल्याच न्या. भारतात एका प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काविना आणता येतं. ३३० मिलीच्या सहा बाटल्या त्यात नेमक्या बसतात. सामानात प्रत्येक बाटली वेगळी गुंडाळा आणि डिसेंबर-जानेवारीत न्या. पोचल्यावर भावाला त्या थेट फ्रिजमध्ये, दाराच्या कप्प्याऐवजी आत खालच्या फळीवर उभ्या ठेवायला सांगा. गाळ बसायला आठवडाभर द्या आणि उन्हाळा लागायच्या आत उघडा. त्याला स्वतःलाच मुरवायची हौस असेल तर बारा अंशांवर चालणारा वाइनचा छोटा फ्रिज घ्यावा लागेल, आणि घरात वीज वारंवार जात असेल तर तोही बेत सोडून द्यावा.

पहिल्या खरेदीसाठी माझी यादी विचाराल तर: दे डोलेच्या बारा, हार्वीजच्या सहा, कर्नेलच्या सहा, झिव्ह्येत्सच्या सहा. ब्लॅक अल्बर्ट पुढच्या वर्षी घ्या, कपाटातलं तापमान एक पूर्ण उन्हाळा थर्मामीटर ठेवून तपासल्यावर.